चौथ्या पडद्यावरचा सा

रविंद्रनं चारही तारांची गुंडाळी उकळत्या पाण्यात सोडली आणि वर येऊ नये म्हणून उलथन्यानं दाबून धरली. पाणी बघता बघता कोऱ्या चहासारखं तांबूस झालं. वर्षभराचा घाम, बोटांचं तेल, आळेफाट्याच्या चौकातली धूळ, जे काही तारांच्या वेढ्यांत बसलं होतं ते सगळं सुटायला लागलं.

"ते माझं दुधाचं पातेलं हाय," आतून शीला म्हणाली. तिनं बाहेर येऊन बघितलंही नव्हतं. बायकोला आपलं पातेलं आवाजावरून कळतं.

"धुतो नंतर."

"मागल्या टायमालाबी धुनारच व्हता."

ती ओले केस टॉवेलनं झटकत ओट्यापाशी आली. सकाळपासून ती गुणगुणत होती. केर काढताना, पांढरी साडी इस्त्री करताना, आंघोळीला जाताना. आज बुद्धपौर्णिमा. संध्याकाळी पिंपरी पेंढारच्या विहारापुढे गाण्याचा दुरंगी सामना होता, एका बाजूला शीलाची पार्टी आणि दुसऱ्या बाजूला घोडेगावच्या भागुजींची. असा सामना तिला दोन वर्षांत मिळाला नव्हता.

"पन ह्या जुन्या तारा कशाला उकळताय? गिटारीवर हायेत की चांगल्या."

"त्या काढायच्यात."

"आज? सामन्याच्या दिवशी?"

रविंद्रनं उलथनं जरा जास्तच जोरात दाबलं. पाणी त्याच्या मनगटावर उडालं. त्यानं हात चड्डीला पुसला आणि परत उलथनं धरलं. शीलानं ते मनावर घेतलं नाही. कार्यक्रमाच्या दिवशी नवऱ्याला हात लावला तरी शॉक बसतो, हे तिला लग्नापासून माहीत होतं. ती परत आत गेली आणि गुणगुणणं जिथं सोडलं होतं तिथूनच तिनं उचललं.

रविंद्र आळेफाट्याला एका गॅरेजात ट्रकांच्या वायरिंगचं काम करायचा आणि उरलेल्या जिवानं बेस गिटार वाजवायचा. ह्या वाद्याची गावाकडे फारशी ओळख नाही. ढोलकी दिसते, कीबोर्ड दिसतो, ही मागे उभी राहून घुमत असते. कार्यक्रमाआधी एखादा तरी माणूस जवळ येऊन हळूच विचारायचा, "भाऊ, हिच्या दोन तारा तुटल्यात का?" रविंद्र गंभीर चेहऱ्यानं म्हणायचा, "न्हाई पावणं, जाड हायेत म्हनून चारच मावल्या." पावण्याचं समाधान व्हायचं.

ती गिटार घ्यायला दोघं लग्नानंतरच्या वर्षी पुण्याला गेले होते. दुकानदारानं आधी पाच तारांची, आरशासारखी चकाकणारी पुढे केली. रविंद्रनं ती बाजूला ठेवली. त्यानं एकेक गिटार उचलली, मान डोळ्यांसमोर धरून वाकडी आहे का पाहिली, अंगठ्यानं मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांच्या, म्हणजे पडद्यांच्या, कडा चाचपल्या, स्पीकरला न जोडता नुसता लाकडाला कान लावून तार छेडली. कोपऱ्यात एक वापरलेली होती. जाड मानेची, रंग उडालेली, कुणीतरी सिगारेटनं टोक जाळलेली. त्यानं तिच्या सगळ्यांत जाड तारेच्या चौथ्या पडद्यावर बोट ठेवून सूर काढला. शीला तोवर पंख्याखाली उभी होती. ती तिथूनच म्हणाली, "ही घ्या. हिचा सा पोटात लागतो." दुकानदार हसला. पण रविंद्रनं तीच घेतली.

घरी आणल्यावर त्यानं तिला एक दिवस सुखानं राहू दिलं नाही. तारा ताणायच्या ढिल्या चाव्या बदलल्या. पडद्यांच्या टोचणाऱ्या कडा बारीक कानशीनं घासल्या. गावोगावच्या जनरेटरवर ती मधमाश्यांसारखी गुणगुणायची, म्हणून पोटातल्या खोबणीला आतून तांब्याचा पत्रा लावला आणि गॅरेजातल्या सोल्डरनं सगळ्या वायरी नव्यानं जोडल्या. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते त्याच्याकडे बघून कुणालाही पटलं असतं.

जाड तारेचा तो चौथा पडदा म्हणजे पेटीवरची काळी चार. शीलाची पट्टी तीच, तिचा सा तिथून सुरू व्हायचा. ती उभ्यानं गायची, रविंद्रच्या स्पीकरला जवळजवळ खेटून. गाण्याआधी एकदा त्याच्या बोटाकडे बघायची, बोट चौथ्या पडद्यावर बसलं की डोळे मिटून सा घ्यायची. कीबोर्डवाला पप्पू कितीही सूर देऊन बसला तरी त्याच्याकडे बघत नसे. पप्पू चिडवायचा, "वहिनी, माझ्या सुराला काय इटाळ व्हतो का?" ती म्हणायची, "तुझा कानात येतो रं. ह्यांचा पायातून येतो."

ह्या भागात गाणाऱ्याची पट्टी म्हणजे त्याची मिशी. अमका काळी दोनवाला, तमका पांढरी पाचवाला, अशी माणसं ओळखली जातात. काळी चारात उभ्यानं दोन तास गाणारी बाई जुन्नर-आंबेगावात एकच, असं लोक शीलाबद्दल बोलत. आणि कुणी पट्टी खाली आणली की तेच लोक म्हणत, उतरला बुवा आता.

मागच्या दिवाळीत शीलाच्या गळ्याची गाठ काढली. पुण्याच्या डॉक्टरांनी रविंद्रला बाहेर बोलावून सांगितलं, गाठ साधी आहे, काळजी नको. बोलणं नीट राहील, वरच्या सुरांचं मात्र सांगता येत नाही. ही शेवटली गोष्ट त्यानं शीलाला सांगितली नाही. उद्या सांगू म्हणाला, मग परवा. ती माहेरी विश्रांतीला होती तेव्हा त्यानं एका रविवारी घरात एकट्यानं बसून गिटारीच्या तारा उतरवल्या आणि पुण्याहून मागवलेल्या जास्त जाड तारा चढवल्या. पातळ तार सैल केली की ती पडद्यांवर फडफडते, सूर रडवेला येतो. जाड तार सैल केली तरी ताठ राहते. मानेच्या टोकाला जो खाचांचा तुकडा असतो, ज्यातून तारा जातात, त्याच्या खाचांत ह्या तारा बसेनात. म्हणून म्हशीच्या शिंगाचा नवा तुकडा कापून, घासून, त्यात रुंद खाचा पाडून बसवला. मग चारही तारा एकेक पूर्ण सूर खाली लावल्या. आता चौथ्या पडद्यावर बोट तेच, जागा तीच, आणि निघायची काळी तीन.

पप्पूला त्यानं एवढंच सांगितलं, "बटन दोन खाली ठेव. वहिनीला बोलू नको." पप्पूच्या कीबोर्डला सूर वर-खाली करायचं बटण होतं. ते दाबलं की त्याचीही बोटं जुन्याच जागी आणि आवाज खालचा. पप्पूनं बटण दाबलं आणि म्हणाला, "बरं, भाऊ." पुढे साऊंडवाल्यालाही सांगावं लागलं.

महिनाभरानं शीला पहिल्यांदा तालमीला उभी राहिली. तिनं रविंद्रच्या बोटाकडे बघितलं. चौथा पडदा. तिनं घाबरत घाबरत सा घेतला, अंतऱ्यापर्यंत गेली, वरच्या पंचमाला पोचली, आणि तिथं उभी राहून ढसाढसा रडली. रविंद्रच्याही डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, आनंदाचं.

त्यानंतर जानेवारी गेला, एप्रिलमधली जयंती गेली. शीला गात होती. लोक म्हणत होते, आवाज जरा गंभीर झालाय पण पट्टी हलली नाही बाईची. ती ह्या बोलण्यावर एखाद्या पोरीसारखी खुलायची. आणि त्या खुलण्यात तिनं भागुजींना फोन करून सामना ठरवला. रविंद्र कामावर होता. घरी आल्यावर तिनं बातमी दिली, "काळी चार सांगितली मी. म्हातारं म्हनलं, शाब्बास."

काल पप्पू गॅरेजात आला. रविंद्र ट्रकच्या खाली होता. पप्पू उकिडवा बसून खाली वाकला.

"भाऊ, सामन्याला पेटी भागुजींची असती. पाव्हन्यांची पेटी, आन् सगळ्यांनी तिच्यावर गायचं. रीतच हाय."

"म्हाईत हाय."

"मंग? त्यांनी काळी चार दाबली आन् तुमच्या चौथ्या पडद्यातनं तीन निघाली तर लहान पोरगंबी कान झाकून घील."

रविंद्र खालून नुसता पाना फिरवत राहिला.

"भागुजींना गुपचूप सांगा. तीनवर धरा म्हनावं. म्हातारा चांगला मानूस हाय."

पप्पू गेल्यावर रविंद्रनं खरंच भागुजींना फोन लावला. घंटी वाजायला लागली तसा फोन बंद केला. आधी तो स्वतः, मग पप्पू, मग साऊंडवाला, आता भागुजी. आपली बायको मधे उभी आणि भोवती सगळे डोळे मिचकावतायत, असं त्याला दिसलं. त्याला स्वतःची किळस आली. शीलाला सांगायचं, हे त्यानं घरी येता येता पक्कं केलं. पण घरी ती साडीला फॉल लावत बसली होती आणि तोंडानं गात होती. तारा बदलताना सांगू, असं म्हणून तो झोपला. सकाळी उठून त्यानं जुन्या तारांची पिशवी काढली आणि पातेलं चढवलं.

तारा त्यानं चिमट्यानं काढल्या, फडक्यानं एकेक वेढा कोरडा केला आणि ओसरीत उन्हाला ठेवल्या. मग गिटार घेऊन सतरंजीवर बसला. शीला भाकऱ्या उरकून हात पुसत आली आणि न सांगता समोर बसली. हे तिचं काम होतं. गिटारीचं पोट मांडीवर घ्यायचं, नवी तार अंगठ्यानं खाचेत दाबून धरायची आणि रविंद्रनं चावी फिरवायची. एकट्या माणसाकडून तार सुटते, वेढे एकावर एक चढतात.

त्यानं सैल करून पहिली जाड तार काढली. मग दुसरी. चारही निघाल्यावर मानेच्या टोकाचा काळा तुकडा उघडा पडला.

"ह्ये काळं कवा बसवलं?"

"तू आईकडं व्हतीस तवा."

"शिंगाचं हाय का? सुरेख झालंय."

रविंद्रनं लाकडी ठोकळा लावून हलकेच ठोका मारला. काळा तुकडा सुटून सतरंजीवर पडला. खिशातून जुना पांढरा काढून त्यानं त्या जागी बसवला. शीला बघत होती. तिनं काढलेली एक तार उचलली, उन्हातली उकळलेली एक उचलली, आणि दोन्ही चिमटीत धरून, दळण बारीक आलंय का बघावं तशा बोटांनी चोळून पाहिल्या.

"ही जाड हाय."

"हं."

"लई जाड हाय. का?"

"धर, पयली लावू."

तिनं अंगठा ठेवला. त्यानं चावी फिरवली. एकेक करून चारही तारा चढल्या. शीला आता गुणगुणत नव्हती. रविंद्रनं मोबाइल समोर ठेवून त्यावरच्या सुरांवर तारा मिळवल्या. उकळलेल्या तारा खणखणीत बोलत होत्या.

"सा घे," तो म्हणाला आणि त्यानं चौथ्या पडद्यावर बोट ठेवलं.

शीलानं नेहमीसारखं बोटाकडे बघितलं, डोळे मिटले आणि सा घेतला. घेताना तिच्या भुवया हलल्या. पायरी वाटली त्यापेक्षा उंच निघाली की पाय जसा अडखळतो तसं काहीतरी झालं. तरी ती चढत गेली. मध्यमापर्यंत नीट गेली. वरच्या षड्जाला गळ्याची शीर ताठली. पंचमाला आवाज फाटला आणि नुसता वारा निघाला.

ती थांबली. घोटभर पाणी प्यायली. पुन्हा गेली. पुन्हा तिथंच फाटला.

"परत द्या."

"शीला."

"परत द्या म्हनते ना."

त्यानं सूर दिला. तिसऱ्यांदा ती पंचमापर्यंत गेलीच नाही, आधीच थांबली. मग सतरंजीवरच्या जाड तारेकडे बघत राहिली. रविंद्रला वाटलं होतं, सांगावं लागेल. कुठून सुरुवात करायची ते त्यानं मनात घोकलंही होतं. काही सांगावं लागलं नाही.

"म्हंजे मी चार महिनं काळी तीनात गाते."

त्यानं चौथ्या पडद्यावरचं बोट उचललं.

"पप्पूला म्हाईत हाय?"

"हाय."

"अजून?"

"साऊंडवाल्याला."

"बरं." तिनं तारेची नीट गुंडाळी केली आणि त्याच्या गुडघ्यापाशी ठेवली. "मी आईला फोन करून सांगितलं, आवाज माघारी आला. तिनं विहारात खीर वाटली, सगळ्या आळीला. ती कशाची खीर व्हती मग?"

"तुला सोसलं नसतं गं. डॉक्टर म्हनले व्हते, वरचं सांगता येत न्हाई म्हनून. मला वाटलं, हळूहळू..."

"डॉक्टरबी?"

शीला उठली, ओसरीच्या कठड्याला टेकून उभी राहिली. तिचा राग मोठ्या आवाजाचा नव्हता. तिचा राग म्हणजे एकेक शब्द निवडून बोलणं, आणि तो रविंद्रला भांड्यांच्या आदळआपटीपेक्षा जास्त भिववायचा.

"मला सोसलं असतं का न्हाई, ते मला इचारायला पायजे व्हतं. रडले असते आठ दिवस. मंग गायले असते तीनात. माझं म्हनून गायले असते. तुमी त्येबी न्हाई ठेवलं. चार महिनं जे काय गायले, त्यातलं एकबी गानं माझं न्हाई आता."

"तुझ्यासाठीच केलं सगळं."

"न्हाई." तिनं मान हलवली. "दवाखान्यात शुद्धीवर आले आन् पयल्यांदा पानी म्हनले. आवाज कसा घोगरा निघाला, मलाच भ्या वाटलं. मी तुमच्याकडं बघितलं. तुमी तोंड फिरवलं. खिडकीतनं भायेर बघत व्हता. तवाच मला कळायला पायजे व्हतं. तुमाला काळी चारातली बाई पायजे व्हती. ती न्हाई आली घरी. मंग तुमी बसून बनवली."

खिडकीबाहेर तेव्हा काय दिसत होतं ते रविंद्रला लख्ख आठवलं. एक निळी पाण्याची टाकी आणि तिच्यावर बसलेला कावळा. तसं नाही, असं त्याला म्हणायला हवं होतं. म्हणता आलं नाही.

"भागुजींना फोन करतो," तो शेवटी म्हणाला. "तब्येत बिघडली सांगतो. पुढच्या पौर्णिमेला ठेवू."

"आजून एक का?" शीला म्हणाली आणि आत निघून गेली.

दुपारी रविंद्रनं पातेलं घासलं. दोनदा घासलं. शीलानं ते उचलून पुन्हा एकदा घासलं आणि पालथं घातलं.

चारच्या सुमारास पप्पू टेम्पो घेऊन आला. त्यानं दारातूनच दोघांचे चेहरे पाहिले आणि जय भीम घालून मुकाट्यानं स्पीकर उचलायला लागला. शीला पांढरी साडी नेसून, केसांत काही न माळता पुढे पप्पूशेजारी बसली. रविंद्र गिटार मांडीवर घेऊन मागे स्पीकरांच्या मधे बसला. आळेफाट्याच्या चौकात नाशिकच्या एसट्या आणि कांद्याचे ट्रक एकमेकांत अडकले होते; कंडक्टर खाली उतरून हात करत होते. टेम्पो कसाबसा सुटून ओतूरच्या रस्त्याला लागला. केबिनच्या मागच्या काचेतून रविंद्रला शीलाची पाठ दिसत होती. ती पप्पूशी काही बोलत होती. पप्पू मान खाली घालून ऐकत होता, मधेच त्यानं एका हातानं कान पकडला. शीलानं त्याच्या हातावर चापट मारली आणि हात स्टेअरिंगवर ठेवायला लावला. पप्पूला ती रागावून मोकळी झाली होती. रविंद्रला वाटलं, आपल्यालाही तसंच काहीतरी मारलं असतं तर बरं झालं असतं.

पिंपरी पेंढारच्या विहारापुढे मंडप भरला होता. उन्हं अजून पुरती उतरली नव्हती. पुढे सतरंज्यांवर पांढऱ्या साड्यांतल्या बायका, मागे खुर्च्यांवर आणि मोटरसायकलींवर पुरुष. भागुजी आधीच येऊन बसले होते. साठी उलटलेले, काटक, डोक्याला निळा फेटा. त्यांची पेटी त्यांच्यापुढे आणि तिच्यावर त्यांचा पालथा हात, जसं काही कुणी पळवून नेईल.

रविंद्रनं वायर जोडली, आवाज तपासला, नेहमीच्या जागी उभा राहिला. शीलाची जागा त्याच्या डाव्या हाताला, स्पीकरपाशी. शीला स्टेजवर आली, तिनं माइकचा दांडा उचलला आणि तो पलीकडे, भागुजींच्या पेटीजवळ नेऊन ठेवला. साऊंडवाला वायर ओढत मागे धावला.

त्रिशरण-पंचशील झालं. विहाराचं काम बघणाऱ्या द्रौपदाबाईंनी दोन्ही पार्ट्यांना फुलं दिली. भागुजींनी पेटीचा भाता उघडला आणि माइकमध्ये रीतसर विचारलं, "शीलाबाई, पट्टी सांगा."

रविंद्रचं बोट सवयीनं चौथ्या पडद्यावर जाऊन बसलं होतं. खरी काळी चार त्या बोटाखाली होती. शीलानं त्याच्याकडे बघितलं नाही.

"काळी तीन."

भागुजींचा हात अधांतरी थांबला. ते माइक टाळून वाकले, पण माइक चांगला होता, सगळ्यांना ऐकू गेलं. "फोनवर चार म्हनली व्हतीस ना?"

"म्हनले व्हते. तवा मला वाटत व्हतं चार लागतीय." शीलानं माइक जवळ ओढला. "माझी गाठ काढली दिवाळीत. तवापास्नं वरचं लागत न्हाई. जानेवारीपास्नं मी तीनातच गाते. तुमी ऐकलं त्ये सगळं तीनातलं व्हतं. आज पयल्यांदा सांगून गाते."

मंडपात कुजबुज सुरू झाली. मागे मोटरसायकलीवरून कुणीतरी हसलं, कुणीतरी "उतरली" म्हणालं. पप्पूनं त्या बाजूला असं बघितलं की गरज पडली असती तर तो कीबोर्ड टाकून खाली उतरला असता. ते हसणं खरं तर रविंद्रच्या वाट्याचं होतं आणि ते शीला घेत होती.

"मंग गा की बाई," पुढे बसलेल्या द्रौपदाबाई म्हणाल्या. "आमाला कुठं चार आन् तीन कळतंय. भाता उघडून बसलेत ह्ये कवाचे."

भागुजींनी बोट सरकवून काळी तीन दाबली आणि भाता सोडला. "घे पोरी," ते म्हणाले. "मीबी तीनातच गाईन."

शीलानं पेटीतून सा घेतला. पप्पूनं बटण शून्यावर आणून पेटीला सूर मिळवला. ढोलकी पडली. रविंद्रनं बोट दोन पडदे खाली आणलं. सगळं गाणं आता त्याला दोन पडदे खाली वाजवायचं होतं, आणि बोटं जुन्या जागांना इतकी सोकावली होती की पहिल्या ओळीत दोनदा चुकली. तो मान खाली घालून पडदे मोजत राहिला.

ध्रुपद झालं. शीला अंतऱ्यात शिरली. खालचा, भरड, जात्यातून येतो तसा सूर, आणि तो चढताना कुठं लपत नव्हता. जिथं खरखर होती तिथं ती खरखर ठेवून पुढे जात होती. रविंद्रनं मान वर केली. जानेवारीपासून प्रत्येक कार्यक्रमात तो तिच्या शेजारी उभा होता आणि तिचा आवाज कुठं अडकतोय, पप्पूचं बटण कुठं आहे, कुणाला कळलं तर नाही, एवढंच ऐकत होता. ही बाई त्यानं ऐकलीच नव्हती. दवाखान्यात पाणी मागितलं होतं तो हाच आवाज होता. तो खिडकीतून बाहेर बघत होता.

ती वरच्या पंचमाला पोचली आणि तिथं उभी राहिली. मागचं हसणं कधी थांबलं ते कळलं नाही. द्रौपदाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. भागुजी भाता मारता मारता मान हलवत होते.

समोरून पप्पू भुवया उंचावून काहीतरी खुणावतोय हे रविंद्रच्या जरा उशिरानं लक्षात आलं. त्यानं खाली बघितलं. त्याचे दोन्ही हात तारांवर नुसते ठेवलेले होते. तो वाजवत नव्हता. अख्खा अंतरा त्यानं वाजवला नव्हता. पेटीवर, ढोलकीवर गाणं नीट चाललं होतं. शीला दुसऱ्या अंतऱ्यात शिरली होती आणि बायका टाळ्यांचा ठेका धरत होत्या.

रविंद्रनं आवाजाची चकती थोडी कमी केली, दुसऱ्या पडद्यावर बोट ठेवलं आणि ओळ संपायची वाट पाहून हळूच आत शिरला. शीलानं मागे वळून पाहिलं नाही. ती गात होती.